लस आणि परिचारिकेचें रक्त

जून २००९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें इन्फ्ल्युएंझाची जगव्यापी सांथ जाहीर केली. पुढील महिन्यांत तज्ज्ञांनीं सल्ला दिला, कीं लस प्रथम डॉक्टर व परिचारिका यांना द्यावी. रोग्याशेजारीं उभीं राहणारीं माणसेंच आजारी पडलीं, तर शुश्रूषा कोणीं करावी? शिवाय त्यांच्याच हातून रोग एका खाटेवरून दुसरीकडे जाऊं शकतो.

परंतु लस टोंचली म्हणजे संरक्षण मिळालेंच काय? याचें उत्तर रक्तांत शोधावें लागतें. हा विषाणु कोंबडीच्या रक्तांतील तांबड्या पेशींना एकमेकींस चिकटवितो, असें अमेरिकेंतील डॉ. हर्स्ट यांनीं १९४१ सालीं दाखविलें. लशीमुळें निर्माण झालेलीं प्रतिपिंडें त्याचें हें कार्य रोखतात. रक्तद्रव ४० पट विरळ करूनही हा अटकाव टिकला, तर रोगाचा संभव सुमारें निम्म्यानें घटतो, असें मानतात. त्या सांथींत बहुतेक निरोगी प्रौढांनीं एकाच मात्रेनें तीन आठवड्यांत ही मर्यादा गांठली.

निम्म्यानें, पूर्णपणें नव्हे. शिवाय हें बळ कांहीं महिन्यांनीं ओसरूं लागतें. म्हणून लस घेतलेल्या परिचारिकेनेंही मुखपट्टी व हात धुणें सोडतां कामा नये. आपल्या रक्तांत किती प्रतिपिंडें आहेत, हें तिला ठाऊक नसतें. रोगी मात्र तिच्याच भरंवशावर असतो.