देवावर सोडून दिलं म्हणजे नेमकं काय केलं? जनाबाईचं जातं आणि भीतीचा अभ्यास



पीएचडीची तयारी करणाऱ्या मुलांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "सर, आता देवावर सोडलंय." पेटचा निकाल असो, गाईडची भेट असो की मुलाखत. आज याच वाक्याकडे संशोधक म्हणून बघू. देवावर विश्वास ठेवल्याने भीती कमी होते का? आणि होत असेल, तर ती कशी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. देव आहे की नाही, हा आपला संशोधन प्रश्न नाही. त्याचं उत्तर प्रश्नावलीतून मिळणार नाही. पण विश्वास ठेवणारा माणूस भीतीच्या वेळी काय करतो, काय बोलतो, हात चालू ठेवतो की गळून बसतो, हे पाहता येतं. आपलं क्षेत्र तेवढंच.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालं की गोदाकाठी गंगाखेड लागतं. हे संत जनाबाईचं गाव. परंपरा सांगते, की तेराव्या शतकात इथे जन्मलेली ही मुलगी लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं हे तिचं रोजचं काम. आपलं म्हणावं असं माणूस नाही, आणि पोट दुसऱ्याच्या घरावर. भ्यायला कारणं भरपूर होती.

तरी तिच्याबद्दल सांगितलं जातं काय? विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो. दुसरी कथा सुळाची. विठ्ठलाचं पदक चोरल्याचा आळ तिच्यावर येतो, तिला सुळावर द्यायला नेतात आणि सुळाचं पाणी होतं. महिपतींच्या १७६२ सालच्या 'भक्तविजय' ग्रंथात ही कथा येते.

इथे पहिला धडा. महिपती जनाबाईनंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहितात. तिचे म्हणून मानले जाणारे अभंगही नामदेवांच्या गाथेसोबत, गाणाऱ्यांच्या आणि वह्या उतरवणाऱ्यांच्या हातून आपल्यापर्यंत आले. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवांवरच्या २००८ सालच्या पुस्तकात हा मुद्दा मांडला आहे, की कीर्तन परंपरेत संताचं नाव एका लेखकापुरतं राहत नाही, ते लोकांची सामूहिक स्मृती सांभाळतं. म्हणून "जनाबाईला असं वाटत होतं" असं लिहू नका. "जनाबाईच्या नावाने जपलेल्या परंपरेत विश्वासाचं असं रूप दिसतं" असं लिहा. वाक्य लांबतं खरं, पण तुमच्या पुराव्याला तेवढंच पेलतं.

आता सिद्धांताकडे येऊ. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये चर्चच्या सदस्यांचा अभ्यास केला. संकटात माणूस आणि देव यांच्यात काम कसं वाटलं जातं, याचे त्यांनी तीन प्रकार मांडले. पहिला : देवाने बुद्धी दिली आहे, आता माझं मी बघतो. दुसरा : मी काही करत नाही, देव बघून घेईल. तिसरा : देव आणि मी मिळून करतो. यांना स्वावलंबी, सोपवणारी आणि सहभागी शैली म्हणू. दुसऱ्या शैलीचा संबंध कमी आत्मविश्वासाशी दिसला, तिसरीचा आपल्या हातात काहीतरी आहे या भावनेशी. लक्षात घ्या, हा संबंध आहे, कारण नव्हे. सोपवल्यामुळे आत्मविश्वास गेला, की तो नव्हता म्हणून सोपवलं, हे अशा अभ्यासातून कळत नाही.

जनाबाई कोणत्या खणात बसते? मी पहिल्या टिपणात बिनधास्त "सोपवणारी" लिहून टाकलं होतं. संत म्हणजे शरणागती, असा सरधोपट हिशोब. मग दळणाची कथा परत वाचली. विठ्ठल येतो तेव्हा जनी उठून बाजूला बसत नाही. जात्याचा खुंटा दोघांच्या हातात असतो. दळण चुकत नाही, दळणातलं एकटेपण जातं. टिपण खोडावं लागलं.

खोडताना आजी आठवली. आजोबांच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी घाबरून बसलो होतो. ती म्हणाली, "तो हाय ना, कामून भ्यायलास?" मला तेव्हा वाटलं, हिला गांभीर्यच कळलं नाही. पण हे बोलताना ती पैसे मोजून पदराला बांधत होती, जुने रिपोर्ट पिशवीत घालत होती आणि सकाळी म्हैस कोण पिळणार ते शेजारी सांगून आली होती. घरात सगळ्यात जास्त काम त्या रात्री तिनेच केलं. मी नुसतं वाक्य ऐकलं, हात बघितलेच नाहीत.

आता दुसरा धडा, मोजमापाचा. पार्गमेंट यांच्या गटाने धार्मिक आधार मोजण्यासाठी चौदा विधानांची छोटी प्रश्नावली बनवली, सात सकारात्मक आणि सात नकारात्मक. देवाने मला टाकलं का, त्याचं माझ्यावर प्रेम आहे का, असे प्रश्न पडणं नकारात्मकमध्ये मोजतात. मूळच्या मोठ्या प्रश्नावलीत देवावरचा रागही याच बाजूला येतो. २००५ मध्ये अॅनो आणि व्हास्कॉन्सेलेस यांनी ४९ अभ्यास एकत्र तपासले. सकारात्मक प्रकाराचा संबंध ताणाशी बऱ्यापैकी जुळवून घेण्याशी दिसला, नकारात्मकचा जास्त चिंता आणि निराशेशी.

पण जनाबाई तर विठ्ठलाला चक्क शिव्या घालते! अंगणात उभं राहून भांडते. या मापाने तिचे गुण "नकारात्मक" बाजूला पडतील. वारकरी परंपरेत मात्र असं भांडण म्हणजे नातं तुटल्याची खूण नाही. परक्याशी कोण भांडतं? हक्काच्या माणसाशीच भांडतो आपण. म्हणजे प्रश्नावली मराठीत आणताना शब्द बदलून भागत नाही, त्या शब्दाचा इथे अर्थ काय हे तपासावं लागतं. यालाच मापनाची वैधता म्हणतात. मुलाखतीत व्याख्या विचारली तर हे उदाहरण सांगा.

साधनसामग्री हवी असेल तर जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. मनात साठलेलं बाया जात्यापाशी कशा बोलतात, हे तिथे त्यांच्याच आवाजात आहे.

सरावासाठी एक काम देतो. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारा, सगळ्यात जास्त भीती कधी वाटली होती आणि तेव्हा काय केलं. "देवावर सोडलं" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. "मग सकाळी उठून काय केलंत?" हा पुढचा प्रश्न विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि मगच तीन शैलींपैकी कुठली ते ठरवा. कुठेच बसत नसेल तर तसंच लिहा.

आणि स्वतःची मुलाखत जवळ आली असेल, तर हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. देवावर सोडलंय, ठीक. सारांश लिहून झाला का?