दुकान सोडून हायस्कूलचा शिक्षक व्हायचंय? आधी पाच वर्षांचा हिशोब मांडा

धंदा कसा वाढवायचा यावर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय जरा उलटा आहे. धंदा किंवा सेल्सची नोकरी सोडून हायस्कूलमध्ये शिक्षक व्हायचं, हा विचार तीस-पस्तिशीतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. उधारी थकली, टार्गेट चुकलं की तो जास्तच जोर धरतो. विचार वाईट नाही. पण तुम्ही नवीन दुकान टाकताना गाळ्याचं डिपॉझिट, माल आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च लिहून काढता ना? तसंच इथेही करायचं. व्हिडिओत आकडे भराभर सांगितले, इथे सावकाश बघू.

सुरुवात तुमच्या डिग्रीपासून. आपल्याकडे धंद्यातली बरीच मंडळी बी.कॉम. असतात. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत कॉमर्स नावाचा विषयच नाही. बुककीपिंग सुरू होतं अकरावीला, आणि तिथे शिकवायला एम.कॉम. आणि बी.एड. लागतं. म्हणजे बी.कॉम.वाल्याने घाईघाईत बी.एड. केलं तर डिग्री हातात आणि विषयाची जागा नाही, असं होऊ शकतं. बी.एस्सी. किंवा भाषा, इतिहास, भूगोलातलं बी.ए. असेल तर रस्ता सरळ आहे. बी.एड.च्या सीईटीसाठी खुल्या गटाला पदवीला किमान ५० टक्के लागतात. इंजिनियर असाल तर ५५. बी.कॉम.वाल्यांनी आधी एम.कॉम. आणि ज्युनियर कॉलेज या वाटेचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वेळ. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. एनसीटीईच्या नियमाप्रमाणे वर्गाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. ‘दिवसा दुकान सांभाळून घरबसल्या बी.एड.’ अशी जाहिरात दिसली तर पुढे चला. दूरशिक्षणाचं बी.एड. आहे, पण ते आधीपासून शिक्षकीत असलेल्यांसाठी. तुमच्या-माझ्यासारख्या गल्ल्यावरच्या माणसासाठी नाही.

बी.एड. झालं की नोकरी लागत नाही, परीक्षा लागतात. सहावी ते आठवी शिकवायचं तर टीईटीचा पेपर दोन पास हवा. हायस्कूलमध्ये हे वर्ग असतातच, त्यामुळे टीईटी नसेल तर तुमच्यासाठी नववी-दहावीच्याच जागा उरतात. त्यावर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी. दोन तासांत २०० प्रश्न. तिच्या मार्कांवर पवित्र पोर्टलमधून भरती होते. खासगी अनुदानित संस्थेला मुलाखत घेता येते, पण अल्पसंख्याक संस्था सोडल्या तर उमेदवारांची नावं पोर्टलवरूनच येतात. आणि ही टेट दरवर्षी होते असं धरू नका. पहिली २०१७ ला झाली, नंतरची थेट २०२३ ला, मग २०२५ ला. वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. आज तुम्ही ३५ चे असाल आणि खुल्या गटात असाल, तर बी.एड. संपेपर्यंत ३७. त्या वर्षी टेट निघाली तर ठीक. नाही निघाली तर अनुदानित शाळेचा दरवाजा तिथेच बंद. ही गोष्ट बी.एड. कॉलेजच्या माहितीपत्रकात कुणी छापत नाही.

पैशाचं बघू. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं तुम्ही ‘शिक्षण सेवक’ असता. २०२३ मध्ये हे मानधन वाढवलं, माध्यमिकसाठी ते महिना १८,००० रुपये झालं. आधी ८,००० होतं, म्हणजे वाढ चांगलीच म्हणायची, पण घर चालवायला बसा म्हणजे कळेल. समजा, दुकानातून तुम्ही महिना ३०,००० घरी नेता. पाच वर्षांचे होतात १८ लाख. शिक्षकीच्या वाटेवर पहिली दोन वर्षं शून्य, पुढची तीन वर्षं १८,००० प्रमाणे ६ लाख ४८ हजार. फरक ११ लाख ५२ हजार. त्यात बी.एड.ची फी आणि टेटची वाट बघण्यात गेलेले महिने धरलेलेच नाहीत. तीन वर्षं पूर्ण झाली की मूळ वेतन ३८,६०० ला लागतं, वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. तिथून चित्र बदलतं, हे खरं. पण तोपर्यंत हे साडेअकरा लाख येणार कुठून, याचं उत्तर घरातल्या माणसांसमोर बसून लिहा. बायको नोकरी करते, शेतीचं थोडं येतं, दुकान भाऊ चालवणार, जे असेल ते आकड्यात लिहा. ‘होईल काहीतरी’ ही रक्कम नसते. जुनी पेन्शन तुमच्या हिशोबात धरू नका. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती नाही.

‘अमुक संस्थेत जागा आहे, एवढे लाख भरा, उद्या हजर व्हा’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. इथे थांबा. तुमचा पगार संस्था देत नाही, शासन देतं, आणि तो शालार्थ आयडी मंजूर झाल्याशिवाय निघत नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झालं, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. पैसे देऊन लागलेला माणूस अशा वेळी सगळ्यात आधी उघडा पडतो. शाळा कोणत्या प्रकारची आहे तेही विचारा: पूर्ण अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित. अंशतः अनुदानितमध्ये शासनाकडून पगाराचा ठरावीक टक्काच येतो. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत प्रश्न एकच: सही किती रकमेवर आणि हातात किती?

हे सगळं जमलं तरी मुख्य गोष्ट राहतेच. तुम्हाला शिकवता येतं का, आणि ते आवडतं का? त्याची चाचणी फुकट होते. दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. त्यात जीएसटी, शेअर, एसआयपी सगळं आहे. तुमच्या घरचाच माल! गल्लीतली आठ-दहा मुलं गोळा करा आणि चार रविवार हे प्रकरण शिकवा.

दुकानदाराने १०,००० चा माल घेतला, १८ टक्क्यांनी १,८०० कर दिला. तोच माल १२,००० ला विकला, गिऱ्हाइकाकडून २,१६० कर घेतला. सरकारला भरायचे ३६०. तुम्ही हे झोपेतही सांगाल. मग एक मुलगी विचारते, “सर, म्हणजे दुकानदाराच्या खिशातून कर गेलाच नाही?” दुसरा मागच्या बाकावरून म्हणतो, मला १८ टक्के काढताच येत नाहीत. तिसरा खिडकीबाहेर बघतोय. पहिलीला इनपुट क्रेडिट समजावताना दुसऱ्याला टक्केवारी शिकवायची, आणि तिसऱ्याला न ओरडता आत आणायचं, हे खरं काम. शाळेत अशी मुलं पन्नास-साठ असतात आणि हाच धडा तुम्ही अ, ब, क तिन्ही तुकड्यांत लागोपाठ घेता. गिऱ्हाईक पटलं नाही तर दुसऱ्या दुकानात जातं. मुलगा उद्या पुन्हा त्याच बाकावर बसलेला असतो. चौथ्या रविवारी पुढच्या धड्याची तयारी करावीशी वाटली, तर तुमच्यात शिक्षक आहे. मुलं कमी आली म्हणून सुटल्यासारखं वाटलं, तर तेही उत्तरच आहे.

“सुट्ट्या भरपूर” हे कारण मात्र यादीतून काढा. बोर्डाचे पेपर तपासणं, निवडणूक, जनगणना ही कामं शिक्षकाच्याच वाट्याला येतात. आणि जोडधंदा? खासगी शिकवणीला कायद्याने बंदी आहे, व्यापारालाही सेवाशर्ती आड येतात. ‘दुकान बायकोच्या नावावर करतो’ म्हणणारे असतात. करायचंच तर ती खरोखर चालवणार असेल तरच करा.

शेवटी दुकानाचं. बी.एड.ला प्रवेश पक्का होईपर्यंत गाळा सोडू नका. भावाला किंवा जुन्या नोकराला चालवायला द्यायचं असेल तर भागीदारीचा करार लिहून घ्या, त्यात मालाची किंमत आणि वसूल व्हायची उधारी नावानिशी येऊ द्या. पूर्ण बंद करणार असाल आणि जीएसटीची रेग्युलर नोंदणी असेल, तर ती रद्द झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरावं लागतं. बरेच जण विसरतात आणि मग लेट फी भरतात. सीएला आजच विचारून ठेवा.