दगडाचं सोंग घेतलेली हवेली

व्हेनिसला गेलेली माणसं गोंडोल्यात बसून फोटो काढून येतात. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा बस पकडून गावाबाहेर पळालो, एका घराचा गिलावा बघायला. बायको अजून टोमणे मारते. त्यातही पहिल्या खेपेला फाटक बंद! ही हवेली आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडते याची चौकशी न करता गेलो, दोष माझाच. कालव्याच्या पलीकडच्या काठावर तासभर बसलो, दर्शनी बाजू डोळ्यांत साठवली आणि परतलो.

हवेली फोस्कारी घराण्याची, पण सगळे तिला ‘ला माल्कोंतेंता’ म्हणतात, म्हणजे असंतुष्ट बाई. घराण्यातल्या एका बाईला वागणूक बरी नाही म्हणून इथे कोंडलं होतं, अशी दंतकथा आहे. मला ती मुळीच आवडत नाही. गावाचं हे नाव हवेली उभी राहण्याच्या आधीपासूनचं आहे, तेव्हा बिचाऱ्या बाईला यातून सोडवलेलं बरं.

पार्श्वभूमी एका दमात सांगतो. ब्रेंता नदीच्या गाळानं खाडी भरेल या धास्तीनं व्हेनिसकरांनी नदी दुसरीकडे वळवली. जुन्या पात्राचा पादुआकडे जाणारा कालवा झाला. काठावरून घोडे बोट ओढत नेत आणि श्रीमंत कुटुंबं उन्हाळ्यात बाडबिस्तरा घेऊन काठावरच्या हवेल्यांत राहायला येत. अशा हवेल्या कालव्यावर ओळीनं आहेत. झाली पार्श्वभूमी.

आता माझ्या आवडीचं. 1550च्या दशकात निकोलो आणि आल्विझे या फोस्कारी बंधूंनी हे काम आंद्रेआ पालादिओकडे दिलं. पालादिओ पोरवयात पाथरवटाच्या हाताखाली शिकलेला. छिन्नी-हातोड्यावर वाढलेल्या या माणसानं घर बांधलं ते मात्र विटांचं. कालव्याकडे तोंड करून सहा भव्य खांब उभे आहेत, वर त्रिकोणी शिरोभाग. वाटतं, रोमन देऊळच समोर आलं. पण खांबांचं अंग विटांचं आहे. भिंतींवर चिऱ्यांचे सांधे दिसतात, तेही गिलाव्यात आखलेले. हा गिलावा म्हणजे मार्मोरिनो: मुरवलेल्या चुन्यात संगमरवराची भुकटी. तिथले गवंडी चुन्यात विटांचा चुराही घालत, म्हणजे आपली सुरखीच. आमच्या किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीची दगडी चाकं पडलेली पाहिली की मला हटकून ब्रेंताकाठ आठवतो.

ही लबाडी नव्हे, हिशेब आहे. दलदलीच्या जमिनीवर दगडाचं ओझं नको, आणि दगड आणायचा म्हणजे होडीतून, त्याचा खर्च वेगळा. 1570च्या आपल्या ग्रंथात पालादिओ स्वतःच सांगतो की घर जमिनीपासून 11 फूट उचललं आहे. त्याचा फूट जवळपास 36 सेंटिमीटरचा, म्हणजे जोतंच चार मीटरच्या आसपास. त्या जोत्यात स्वयंपाकघर आणि नोकरांची जागा. जोतं असावं तर असं! ओल आणि पाणी खाली, मालक वर. चढायला समोरून जिना नाही, दोन्ही बाजूंनी आहे; पाहुण्याला वळसा घालूनच वर जावं लागतं.

खोल्या 12 बाय 16, 16 बाय 16 आणि 16 बाय 24 फुटांच्या. तंबोरा लावणाऱ्याला हे प्रमाण ऐकूनच कळेल: तीनास चार म्हणजे मध्यम, दोनास तीन म्हणजे पंचम. चंदिगढ रचणाऱ्या ल कॉर्ब्युझिएनं 1920च्या दशकात पॅरिसजवळ गार्श इथे एक घर बांधलं. त्याचा आणि या हवेलीचा सांगाडा एकाच मापात बसतो, हे कॉलिन रो यांनी 1947 साली एका लेखात दाखवून दिलं. तो लेख वाचल्यापासून मला हे वेड लागलं.

पुढं काय काय झालं? 1574 साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री इथे पाहुणा होता. 1797 मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं आणि हवेलीचे दिवस फिरले. व्हेनिसला पडलेल्या 1849च्या वेढ्यात इथे ऑस्ट्रियन सैन्य आलं, पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ झालं. भोवतीच्या जोड-इमारती पडल्या. 1920च्या दशकात बर्टी लँड्सबर्ग नावाच्या शौकिनानं मोडकळीस आलेलं हे घर घेऊन जपलं. 1973 मध्ये ते पुन्हा फोस्कारींकडे आलं. घेणारे अंतोनिओ फोस्कारी स्वतः वास्तुरचनाकार, हे विशेष. 1996 पासून युनेस्कोच्या यादीतही नाव आहे.

जाता जाता एक आडवळण. याच कालव्यावर स्त्रा गावी पिसानी घराण्याचा राजवाडा आहे. नेपोलियननं तो विकत घेतला, 1934च्या जूनमध्ये हिटलर आणि मुसोलिनी पहिल्यांदा तिथेच भेटले. बागेतला लांबलचक तलाव पाहून लोक भारावतात. तो विसाव्या शतकात जलशास्त्राच्या प्रयोगांसाठी खणलेला आहे. पण तो राजवाडा छाती दडपतो. माल्कोंतेंता तसं करत नाही.

दुसऱ्या खेपेला आत शिरलो. मधल्या दालनात दक्षिणेकडच्या अर्धवर्तुळाकार खिडकीतून ऊन सांडलं होतं, भिंतींवर झेलोत्तीची चित्रं. शेजारच्या एका खोलीत बात्तिस्ता फ्रांकोनं काढलेले राक्षस आहेत. 1561 साली फ्रांको वारला आणि ती खोली अपुरी राहिली. ज्युपिटरच्या कोपानं डोंगर कोसळलाय, राक्षस खाली चिरडले जातायत. या विटांच्या घरात मी पाहिलेले सर्वांत मोठे धोंडे तेच, ओल्या चुन्यावर रंगवलेले.