दोन मजली फिरता पूल

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिसिसिपी नदीवर 1895 साली रॉक आयलंड पूल उभा राहिला. वर रेल्वेरूळ, खाली गाड्यांचा रस्ता. बोट आली की मधला गाळा आपल्या खांबावर जात्यासारखा आडवा फिरे. तोवर दोन्ही मजल्यांवरची वाहतूक खोळंबे. 1980 मध्ये रेल्वे थांबली. खालचा अरुंद रस्ता मात्र टोल घेत 1999पर्यंत तग धरून होता, हेच नवल! 2008 मध्ये पुलाचा काही भाग कोसळला. पश्चिम काठाचा तुकडा पाडावा की ठेवावा, यावर बराच वाद झाला. शेवटी डागडुजी होऊन 2011 मध्ये तो सुमारे 670 फुटांचा धक्का म्हणून लोकांना खुला झाला.