हाडाची बारीक चीर आणि प्रकाशोपचार

पेढीवर दिवसभर गादीला टेकून बसणारा गृहस्थ एखाद्या वर्षी संघाबरोबर सुरतेहून पालिताण्यास पायी निघतो, किंवा शत्रुंजयाच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या रोज अनवाणी चढू-उतरू लागतो. काही दिवसांत नडगी अथवा पाऊल दुखू लागते. मार लागलेला नसल्याने दुखणे अंगावर काढले जाते. परंतु कित्येकदा हाडाला बारीक चीर पडलेली असते. हिलाच 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने १८५५ साली सैनिकांच्या अशाच सुजलेल्या पायांचे वर्णन केले होते. हाडाचा हिशेब रोजमेळासारखा आहे. झीज रोज होते व भरूनही निघते. मात्र खर्च जमेपेक्षा वाढला की तूट दिसू लागते.

यावर प्रकाशाचा उपयोग होतो काय? येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली, सूर्यप्रकाश. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी फिन्सेन यांस १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जामनगर येथेही १९३० नंतरच्या दशकात फिरते सोलेरियम उभारले गेले. उन्हामुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते व त्यायोगे अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जाते. मात्र काचेआडून येणारे ऊन या कामी निरुपयोगी आहे. आणि अगदी कोवळ्या उन्हाचाही लाभ थोडाच.

दुसरी, लाल किंवा अवरक्त किरणांचा मंद लेसर. नडगीच्या अशा चिरेवरील त्याची चाचणी आपल्या लष्करी वैद्यांनी २००६ साली 'मेडिकल जर्नल आर्म्ड फोर्सेस इंडिया' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. लेसर घेतलेल्यांच्या वेदना लवकर शमल्या, असे तीत आढळले. तथापि एका लहान चाचणीवरून उपाय सिद्ध होत नाही. शिवाय वेदना शमली म्हणजे हाड सांधले, असेही नव्हे. त्या भरवशावर चालत राहिल्यास चिरेचा पूर्ण अस्थिभंग होऊ शकतो.

म्हणून एकाच जागी दुखत असेल व चालताना ते वाढत असेल, तर तेथेच थांबावे व डॉक्टरांस दाखवावे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये चीर दिसेलच असे नाही. मुख्य औषध विश्रांती हेच. सामान्यतः सहा ते आठ आठवडे. प्रकाशोपचार घ्यावयाचा तर तो विश्रांतीच्या जोडीला, तिच्या ऐवजी नव्हे. यात्रेचा संकल्प असल्यास दोन-तीन महिने आधीपासून चालण्याचा सराव हळूहळू वाढवावा. अपुरी राहिलेली यात्रा पुढील वर्षी पुरी करता येते. त्यासाठी पाय मात्र धड राहिले पाहिजेत.