चैन ते गरज : लिफ्टची वाटचाल

लोकमान्य टिळक २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मले. ते आठ महिन्यांचे झाले तेव्हा, २३ मार्च १८५७ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एका पाच मजली दुकानात गिऱ्हाइकांना वर नेणारी लिफ्ट सुरू झाली. प्रवासी लिफ्टचा इतिहास तिथून मोजतात. तिथून रत्नागिरीतल्या सोसायट्यांपर्यंत यायला तिला शतकाहून अधिक काळ लागला.

ओझे वर ओढण्याची युक्ती जुनीच होती. रहाट आणि कप्पी कोकणाला नवी नाहीत. पण दोर तुटला तर काय, या धास्तीने माणूस त्यात पाय ठेवायला धजावत नव्हता. एलिशा ओटिस याने १८५४च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात उंचावर उभे राहून आपल्याच पाळण्याचा दोर तोडायला लावला. पाळणा जेमतेम हलला आणि थांबला. दोर ताणलेला असेपर्यंत वरची पोलादी कमान वाकलेली राही. ताण सुटताच ती सरळ होऊन दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडके. आजही वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर नावाचे यंत्र पाचरी आवळून लिफ्टला रुळांवर जखडते. उंच इमारती उभ्या राहिल्या त्या या विश्वासावर.

पुढची झेप विजेची. १८८०मध्ये जर्मनीत मानहाइमच्या प्रदर्शनात सीमेन्सने विजेवर चालणारी लिफ्ट दाखवली. मुंबईत १९०३मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात लिफ्ट होती. पुढे मुंबई प्रांताने १९३९मध्ये लिफ्टसाठी स्वतंत्र कायदा केला आणि परवाना व तपासणी बंधनकारक झाली. २०१७च्या नव्या कायद्यात सरकते जिनेही आले.

मुंबईला गेलेल्या कोकणी माणसाला आठवते ती सरकत्या जाळीच्या दाराची लिफ्ट. वरच्या मजल्यावर कुणी जाळी उघडी ठेवली की ती जागची हलत नसे आणि जिन्यातून हाक येई, ‘दरवाजा लावा हो!’ हळूहळू लिफ्टमनची जागा बटणांनी घेतली, खटखटणाऱ्या रिलेंची इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांनी आणि जाळीची आपोआप मिटणाऱ्या दारांनी. १९९६मध्ये कोने कंपनीने मशीनरूम नसलेली लिफ्ट आणली. छोटी मोटर लिफ्टच्या विहिरीतच बसू लागली आणि गच्चीवरची खोली लागेनाशी झाली.

रत्नागिरीत कोकण रेल्वे आली, १९९८मध्ये ती पूर्ण मार्गावर धावू लागली आणि शहर पसरले. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, अशा इमारती तोवर पुरेशा वाटत. मुले मुंबई-पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेले आईवडील, हे चित्र घरोघरी दिसू लागले तेव्हा तेच जिने भारी पडू लागले. दवाखाना, बँक, देवळातले कीर्तन, सगळे त्या पायऱ्यांपाशी अडते. रेल्वे स्थानकही रस्त्याच्या पातळीहून खाली असल्याने बोजे घेऊन वर येणाऱ्यांना सरकत्या जिन्याचे मोल ठाऊक आहे.

म्हणून इथली लिफ्ट इथल्या हवेशी जुळली पाहिजे. पावसाळ्यात लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात पाणी झिरपते, खारट वारा लोखंड खातो, वादळात वीज जाते. अशा वेळी बॅटरीवर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा, एआरडी, जीव भांड्यात पाडते. तिचा खर्च टाळणे, देखभालीचा करार लांबवणे, तपासणीकडे काणाडोळा करणे म्हणजे ओटिसने मिळवून दिलेला विश्वास आपल्याच हाताने घालवणे. दीडशे वर्षांत लिफ्ट वेगवान झाली, पण तिची खरी कमाई सुरक्षितता आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत गेटच्या रंगाआधी लिफ्टचा विषय निघाला पाहिजे आणि जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट जोडता येते का, हे जाणकाराकडून तपासून घेतले पाहिजे.