मायफळाची शाई हिरवी होते का?

मुलांसोबत ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ (2009) पाहिला की पुढचा प्रश्न ठरलेला: हे खरंच घडलं होतं? आयर्लंडच्या कार्टून सलूनचा हा ऑस्कर नामांकन मिळालेला अ‍ॅनिमेशनपट. नवव्या शतकातला मठ, चालून येणारे व्हायकिंग म्हणजे उत्तरेकडचे समुद्री लुटारू, आणि अपुरी पोथी पुरी करू पाहणारा छोटा ब्रेंडन. आपण क्रमाने तपासू.

आधी पोथी. ती खरी आहे. इ. स. 800 च्या आसपास वासराच्या कमावलेल्या कातड्यावर लिहिलेली तिची 680 पृष्ठं आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत.

मग काळ. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठावर 795 पासून हल्ले झाले. 806 मध्ये तिथली 68 माणसं मारली गेली आणि पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये केल्सच्या मठाचं काम सुरू झालं. चित्रपटातला आयोनाहून पोथी घेऊन पळालेला वृद्ध भिक्षू इथे अगदी शोभतो.

माणसांपाशी मात्र पाय घसरतो. नाव खरं निघालं की आपण गोष्टही खरी धरतो. चित्रपटातला केल्सचा मठाधिपती केलाख इतिहासात आहे, पण तो आयोनाचा प्रमुख. केल्सचं बांधकाम त्याच्या कारकिर्दीत झालं. ब्रेंडन कल्पनेतला. मांजराचं नाव ‘पांगुर’, ते नवव्या शतकातल्या एका आयरिश कवितेतलं.

रानातली परी खोटी म्हणून मुलांशी वाद घालू नका. लोककथेला तेवढी मुभा असते. चूक शोधायचीच तर चित्रपटातल्या मठाच्या मनोऱ्याकडे बघा. आयर्लंडमधल्या असल्या गोल मनोऱ्यांचे उल्लेख दहाव्या शतकापासून, म्हणजे गोष्टीच्या काळानंतर, मिळतात.

आता शाई. मला सगळ्यात खटकलं ते इथेच. ओकच्या झाडावरच्या गाठी आणून त्यांची पाचूसारखी हिरवी शाई करतात, असं चित्रपट दाखवतो. या गाठी म्हणजे कीटकाने अंडी घातल्यावर फांदीला येणारे फुगवटे. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात ते मायफळ याच जातीचं. त्यातल्या तुरट द्रव्याची हिराकसाशी, म्हणजे लोहाच्या क्षाराशी, गाठ पडली की रंग काळा होतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तसाच. हिराकसाचे खडे हिरवट असतात खरे, पण शाई काळपटच. त्या काळची लिहिण्याची नेहमीची शाई हीच.

मग पोथीत हिरवा आला कुठून? तांब्यावर चढणाऱ्या जंगालापासून. शिवाय निळ्यात पिवळी हरताळ मिसळूनही तो साधे. लाल रंगासाठी होता शेंदूर. आपल्या लेखनिकांनी चुकलेली अक्षरं झाकायला हरताळ वापरली, ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. केल्सच्या चित्रकारांनी तिच्याकडून सोन्याचं काम करून घेतलं, कारण पानांवर सोन्याचा वर्ख कुठेच नाही.

शेवटी लूट. व्हायकिंग रत्नजडित वेष्टन ओरबाडतात आणि पानं उधळून देतात, हा प्रसंग रचलेला आहे. पण त्याला आधार आहे. 1007 मध्ये पोथी केल्सहून चोरीला गेली. दोन महिन्यांहून अधिक काळाने ती मातीखाली पुरलेली सापडली. वरचं सोन्याचं वेष्टन मात्र गेलं ते गेलंच.